हवल्लीला तुम्ही एकटेच गेलात

दत्ताभाऊ,

तुम्ही गेल्याला आज बारा दिवस झाले. मला कळून चार. श्रीकांतच्या प्लँटवर तुमच्या देवगडकडचा एक फिटर आहे. त्याने जेवणाच्या सुट्टीत सहज सांगितलं, "तो जर्मन गाडीवाला दत्ताराम गेला." श्रीकांतने घरी आल्यावर बूट काढता काढता मला सांगितलं. मग तो म्हणाला, "चहा टाकतेस?" मी उठले आणि जुन्या सवयीने तीन कप पाणी मोजलं.

इथे कुवेतमध्ये तुमच्यासाठी कोणी सभा घेणार नाही. फहाहीलमध्ये एखादा इंजिनिअर गेला की मराठी माणसं हॉल घेतात, फोटोला हार घालतात, चार जण बोलतात. तुमच्याबद्दल बोलायला इथे दोनच माणसं आहेत, आणि त्यांतली एक मी. पण तुमच्याबद्दल उभं राहून बोलायचं तर मला माझ्याबद्दलही बोलावं लागेल. ते चारचौघांत जमणार नाही. म्हणून लिहिते आहे.

आपली ओळख झाली ती आमच्या जुन्या जपानी गाडीमुळे. इराकी आक्रमणाला तीन वर्षं होऊन गेली होती आणि मला कुवेतमध्ये येऊन जेमतेम तीन महिने. भर उन्हात गाडी बंद पडली, कोणीतरी ओढत सुलैबियातल्या तुमच्या गॅरेजमध्ये आणून सोडली. श्रीकांत बाहेर गाडीपाशी थांबला आणि मी कडेवर झोपलेल्या आमच्या सईला घेऊन तुमच्या पत्र्याच्या ऑफिसात पंख्याखाली बसले. टेबलावर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं एक जाड पुस्तक होतं. वेळ जात नव्हता म्हणून मी पिशवीवरूनच त्याचं नाव मोठ्याने वाचलं. पुण्यात चार वर्षं जर्मन शिकले होते. लग्नानंतर त्याचा उपयोग असा पहिल्यांदाच होत होता.

तुम्ही दारात उभे होतात. हात ग्रीसने काळे, चिंधी हातातच राहिली.

"वहिनी, तुम्हांला ह्ये वाचता येतं?"

"येतं की."

"सगळं?"

मी हसून हो म्हणाले. तुम्ही हात धुवायला गेलात, साबण लावून दोनदा धुतलेत, आणि मगच पुस्तक पिशवीतून काढून माझ्यासमोर ठेवलंत. ज्या जर्मन कंपनीच्या गाड्या तुम्ही वीस वर्षं दुरुस्त करत होतात, तिचा तो इतिहास होता. तुमच्या म्हाताऱ्या जर्मन फोरमनने निवृत्त होताना तो तुम्हांला दिला होता. आत त्याने चार ओळी लिहिल्या होत्या आणि त्या काय आहेत हे तुम्हांला इतकी वर्षं माहीत नव्हतं. मी वाचून सांगितलं: "दत्ता, तुझे हात माझ्यापेक्षा चांगले आहेत. त्यांना घाई शिकवू नकोस." तुम्ही मान फिरवून बाहेर गाडीकडे बघायला लागलात.

मग शुक्रवार सुरू झाले. सकाळची बस पकडून तुम्ही आमच्याकडे यायचात, येताना फहाहीलच्या बाजारातून मासे आणायचात. मला मासे निवडता येत नाहीत हे तुम्ही पहिल्याच दिवशी ओळखलंत. कल्ले उघडून दाखवायचात, "ह्ये बघा, असं लाल पाहिजे." श्रीकांत मासे साफ करायला शिकला तो तुमच्याकडून. मग चहा, आणि मग पुस्तक. मी एक वाक्य जर्मनमध्ये वाचायची आणि त्याचं मराठी करायची. मला मराठीत शब्द सापडला नाही की तुम्ही हातांनी यंत्र दाखवायचात आणि शब्द द्यायचात. सई मध्ये मध्ये येऊन तुमच्या मांडीवर बसायची आणि इंग्रजीत काहीतरी विचारायची. तुम्ही तिला मालवणीत उत्तर द्यायचात आणि दोघांचं छान चालायचं.

दोन हिवाळे आपण ते पुस्तक वाचत होतो. पहिल्या मालकाचं शेडमधलं वर्कशॉप, शेजाऱ्यांच्या तक्रारी, पहिलं इंजिन चालू झालं ती रात्र, पुढे शर्यती, राजेरजवाडे, मोठमोठ्या लोकांनी लावलेल्या रांगा. तुम्हांला शर्यतींत फारसा रस नव्हता. एकदा कारखान्यातून बाहेर पडायला तयार असलेल्या गाड्या एका तपासनिसाने परत आत पाठवल्या, कारण एका बोल्टची जात त्याला पसंत नव्हती, ती गोष्ट मात्र तुम्ही तीनदा वाचून घेतलीत. "ह्याला म्हणतात नाव," तुम्ही म्हणालात. "नाव जाहिरातीने होत नाही, वहिनी. परत आत पाठवल्याने होतं."

त्या नावाचा कुवेतमधला रुबाब मी तुमच्याबरोबर हिंडले तेव्हा कळला. ती गाडी दिसली की फाटकावरचा माणूस न विचारता फाटक उघडायचा. बॅचलर खोल्यांत राहणारी आपली माणसं रस्त्यात उभ्या असलेल्या कोणाच्याही त्या गाडीला टेकून फोटो काढायची आणि गावी पाठवायची. तुमच्या गावातही लोकांना वाटायचं, दत्ताराम कंपनीतच आहे, जर्मन साहेबांच्या बरोबरीने. तुम्ही ते कधी खोडलं नाहीत, पण तसा फोटोही कधी काढला नाहीत. तुमची एकच चैन होती. गाडी तपासायला आली की आधी बॉनेट न उघडता तुम्ही नुसतं दार लोटायचात. डोळे मिटून. तो दबका, भरीव आवाज ऐकायचात आणि सांगायचात, दार मूळचं आहे की बदललेलं.

आणि त्या पुस्तकासाठी तुम्ही काय केलं होतंत! इराकी सैन्य शिरलं, शोरूममधल्या गाड्या एकामागून एक उत्तरेकडे गेल्या, तुम्ही तेव्हा होतात ते शोरूमचं वर्कशॉप लुटलं गेलं. बसमधून जॉर्डनला निघताना प्रत्येकाने एकच पिशवी घ्यायची होती. तुम्ही दोन शर्ट आणि हे पुस्तक घेतलंत. सरहद्दीवरच्या तंबूत चहासाठी विस्तव करायला कोणीतरी त्याची पानं फाडायला निघाला, तेव्हा तुम्ही, ज्यांनी कधी कोणाला अरे म्हटलं नाही, त्याच्या अंगावर धावून गेलात. हे सांगताना तुम्ही लाजला होतात.

त्या पुस्तकात दुसऱ्या महायुद्धाला अर्धं पान होतं. संकटाची वर्षं आली, कारखान्यावर बाँब पडले, मग कामगारांनी ढिगाऱ्यातून यंत्रं उपसून काढली. इतकंच. तुम्ही म्हणालात, "आमच्या वर्कशॉपसारखंच झालं की." आणि आपण पुढच्या प्रकरणाकडे गेलो.

मी पुढे जायला नको होतं, किंवा मग परत मागे यायला नको होतं.

त्याच वर्षी मला एका ठेकेदाराच्या ऑफिसात भाषांतराचं अर्धवेळ काम मिळालं. तिथे एक जर्मन बाई होत्या. मी त्यांना आपल्या वाचनाबद्दल कौतुकाने सांगितलं तर त्या सुट्टीवरून येताना माझ्यासाठी दुसरं पुस्तक घेऊन आल्या. त्याच कंपनीने पुढे स्वतः इतिहासकार बसवून लिहून घेतलेलं, युद्धाच्या वर्षांचं. मी ते दोन दिवसांत वाचून काढलं. आणि मला अगदी खरं सांगायचं आहे, दत्ताभाऊ: ते वाचून मला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त मला कधी एकदा शुक्रवार येतो असं झालं होतं. आपल्याला काहीतरी माहीत आहे याचा तोरा होता तो.

"त्या अर्ध्या पानाची खरी गोष्ट आज सांगते," मी म्हणाले. "कारखान्यात इंजिनं कोण बनवत होतं माहीत आहे? देशोदेशींहून पकडून आणलेली माणसं. छळछावण्यांतून आणलेल्या बायकासुद्धा."

"बायलमाणसां?" तुमच्या तोंडून गावची भाषा निघाली.

"हो. यंत्रांशेजारच्या शेडमध्ये झोपायच्या. पातळ सूप आणि पाव. आजारी पडली की परत छावणीत."

तुम्ही कप खाली ठेवलात. "आमचा फोरमन तेव्हा तिथेच शिकाऊ होता."

"मग त्याने पाहिलं असणार."

"मला कधी बोलला नाही."

"कसा बोलेल?"

तुम्ही म्हणालात, "वहिनी, ह्ये मला कशाला सांगितलंत?"

"खरं आहे म्हणून."

"खरं असेल. मी मागितलं नव्हतं."

मला राग आला. मी म्हणाले, माणसाने डोळे उघडे ठेवावेत, भक्ती करायची तर कळून करावी, असंच काहीतरी पुस्तकी. तुम्ही वाद घातला नाहीत. मासे फ्रीजमध्ये ठेवायला विसरू नका एवढं सांगितलंत आणि निघालात. त्यानंतर आठ महिने तुम्ही आला नाहीत. श्रीकांत म्हणायचा, जाऊन ये एकदा, समजूत काढ. मी म्हणायची, मी काय चुकीचं बोलले?

आठ महिन्यांनी एका शुक्रवारी बेल वाजली. तुम्ही दारात उभे, हातात काही नाही. मला वाटलं, आजारी आहात. तुम्ही आत येऊन स्वयंपाकघराच्या दारात जमिनीवर बसलात. खुर्ची दिली तर नको म्हणालात. आणि खाली बघत सांगायला लागलात.

गॅरेजच्या मुदीरने, म्हणजे मॅनेजरने, अपघातातल्या दोन गाड्या आणल्या होत्या. एकीचा पुढचा भाग शाबूत, दुसरीचा मागचा. दोन्ही मधून कापायच्या आणि चांगले भाग जोडून एक करायची. असलं काम तुम्ही आजवर कधी हातात घेतलं नव्हतं. आधीही त्याने दोनदा विचारलं होतं, दोनदा तुम्ही नाही म्हणाला होतात. तिसऱ्यांदा त्याने तुमच्या अकाम्याचा, म्हणजे इथे राहण्याच्या परवान्याचा, विषय काढला, तो नवा करायचा होता. आणि तुम्ही हो म्हणालात.

"अकाम्यासाठीच म्हणून नाही," तुम्ही म्हणालात. "त्या दिवसांत मनात यायचं, कशाचं काय. तिकडे असं होतं, मग मी एकट्याने कशाला सांभाळू?"

एवढंच बोललात. मला दोष दिला नाहीत. पुन्हा कधी तो विषयही काढला नाहीत. पण मी ते वाक्य आजपर्यंत विसरलेले नाही.

तुम्ही जोडकाम केलंत आणि ते तुमच्या हातचं होतं, त्यामुळे बाहेरून कोणाला कळलं नसतं. रंग झाला. दारं लोटल्यावर आवाज पोकळ यायचा, तर तुम्ही चार दिवस बिजागऱ्या आणि रबर बसवत राहिलात, आवाज हुबेहूब येईपर्यंत. गाडीला अपघात झालेला नाही अशा कागदावर तपासनीस म्हणून सही केलीत. हवल्लीच्या एका शाळेत गणित शिकवणारे इजिप्तचे एक शिक्षक, नबील, बायकोला घेऊन गाडी बघायला आले. कितीतरी वर्षं त्यांनी ही गाडी घ्यायचं मनात धरलं होतं. तुम्ही त्यांच्यासाठी दार उघडलंत. त्यांनी ते दोनदा लावून बघितलं आणि बायकोकडे बघून हसले.

अडीच महिन्यांनी फहाहीलच्या रस्त्यावर त्यांनी ब्रेक दाबला, मागून एका व्हॅनचा धक्का बसला. साधा धक्का. गाडी जोडावर उघडली. मास्तर वाचले. त्यांची बायको गेली.

पण खरी गोष्ट पुढेच होती. ती गाडी अशी फाटते यावर कोणाचाच विश्वास बसला नाही. सगळे एकच म्हणाले, ही गाडी दगा देत नाही, म्हणजे चालवणाराच बेफाम असणार. चौकशीतही वेगच लिहिला गेला. बायकोच्या माहेरची माणसं कैरोहून आली, मुलीचा मृतदेह घेऊन गेली आणि जाताना मास्तरांना बरोबर येऊ दिलं नाही. तुमचा मुदीर गॅरेजमध्ये हसून म्हणाला, "मास्तरला गाडी झेपली नाही."

"त्या नावामुळे मी सुटलो, वहिनी," तुम्ही म्हणालात. "आणि त्याच नावामुळे तो अडकला. आता काय करू?"

मी काय म्हणाले ते तुम्हांला माहीत आहे. मी म्हणाले, "गप्प बसा. कोणाला सांगू नका. तुरुंगात टाकतील, परत पाठवतील. तुमच्या दोन मुली लग्नाच्या आहेत. आणि गेलेलं माणूस काही परत येणार नाही." आठ महिन्यांपूर्वी जिने तुम्हांला डोळे उघडे ठेवायला सांगितलं होतं, तीच मी. तुम्ही मान हलवलीत. मी वाढलेला भात तसाच राहिला.

तुम्ही वर्षभर गप्प राहिलात. शुक्रवारी पुन्हा यायला लागलात, मासे आणायला लागलात, पण पुस्तक मागितलं नाहीत. वाळलात. एकदा सईने तुमचा हात धरून विचारलं, "अंकल, व्हाय आर यू सो क्वाएट?" तुम्ही तिला म्हणालात, "काय नाय गो बाय, वय झाला." पन्नाशीही गाठली नव्हती तुम्ही.

मग एका शुक्रवारी तुम्ही ते दुसरं पुस्तक मागितलंत. जर्मन बाईंनी आणलेलं. "त्याची सुरुवात वाचा," म्हणालात. "त्यांनी स्वतःबद्दल असं का लिहिलं, ते काहीतरी असेल ना?"

मी प्रस्तावना वाचली. उशिरा का होईना, नाव राखायचं असेल तर जे घडलं ते आपणच सांगायला हवं, अशा अर्थाचं काहीतरी होतं.

"कोणी जबरदस्ती केली होती?"

"लोकांचा दबाव होता. पण लिहायला तयार झाले."

"तोवर ती बायलमाणसं जिवंत होती?"

"काही होत्या. बऱ्याचशा नव्हत्या."

"म्हणजे उशीर झालाच."

"हो. खूप."

"तरी लिहिलं," तुम्ही म्हणालात. ते कौतुकाने नव्हतं. तुम्ही त्या कंपनीला माफही केलं नव्हतंत. मला वाटतं तुम्ही फक्त हिशेब लावत होतात की एवढा उशीर चालतो का. मग मला विचारलंत, "हवल्लीला माझ्याबरोबर याल? मास्तरांना इंग्रजी येतं. माझं अरबी गॅरेजपुरतं. नीट सांगता आलं पाहिजे."

श्रीकांत आत होता. मी त्याच्याकडे न बघताच म्हणाले, "पुढच्या आठवड्यात सईची परीक्षा आहे."

सई तेव्हा पहिलीत होती, दत्ताभाऊ. पहिलीत.

तुम्ही "बरं" म्हणालात. तुमच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. आणि पुढच्या गुरुवारी संध्याकाळी, मी सईला बेरजा शिकवत असताना, तुम्ही एकटेच हवल्लीला गेलात.

तिथे काय झालं ते मला तुम्ही सांगितलं नाहीत. सांगायला सवडच मिळाली नाही. तुम्ही मास्तरांबरोबर पोलिसांत गेलात, कबुली दिलीत. मुदीरने हात वर केले, म्हणाला या मेस्त्रीने माझ्या मागे परस्पर केलं. तुम्हांला चार महिने तुरुंग झाला आणि तिथूनच विमानतळावर नेलं. बोटांचे ठसे घेतलेले, परत येण्याची वाट बंद. गॅरेज काही दिवस बंद राहिलं आणि नवीन पाटी लावून सुरू झालं. श्रीकांत तुम्हांला एकदा भेटून आला, कपडे देऊन. मी विचारलं, काय म्हणाले? तो म्हणाला, "सईची परीक्षा कशी झाली विचारत होते." मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला.

तुम्हांला परत पाठवल्यावर दोनेक महिन्यांनी नबील मास्तर आमच्याकडे आले. तुम्ही त्यांना आमचा पत्ता दिला होतात. उंच, वाकलेले, इस्त्रीचा शर्ट. चहा घेतला नाही. तुम्ही दारात कसे उभे होतात ते त्यांनी सांगितलं. 'कापली' याला तुम्हांला शब्द सापडेना, तेव्हा तुम्ही स्वतःच्या दंडावर तळहाताची कड ओढलीत, एकदा, दोनदा, आणि मग छातीवर बोट ठेवून म्हणालात, "अना." मी.

"मी त्याच्या अंगावर धावून जायला हवं होतं," मास्तर इंग्रजीत म्हणाले. "पण मी खाली बसलो. दीड वर्ष मी माझ्या हातांना विचारत होतो, तुम्ही काय केलंत? तिच्या आईने मला खुनी म्हटलं होतं आणि मला ते खरं वाटायला लागलं होतं. त्या माणसाने मला माझे हात परत दिले."

मग ते म्हणाले, "मी त्याला माफ केलेलं नाही. ते मला जमणार नाही. पण मला त्याचा पत्ता हवा आहे."

मी तुमच्या गावचा पत्ता इंग्रजीत लिहून दिला.

तुमची दोनच पत्रं आली. पहिल्यात सगळं ठीक, तिठ्यावर लहानसं दुकान टाकलंय, रिक्षा आणि पाण्याचे पंप येतात, सईला आशीर्वाद. दुसरं दोन वर्षांनी आलं. ते मी पाठ म्हणू शकते. "मास्तरांचं पत्र आलं आहे. इंग्रजीत आहे. शाळेतल्या गुरुजींकडून वाचून घेतलं तर गावात सगळं कळेल, म्हणून तसंच ठेवलं आहे. तुम्ही कधी या बाजूला आलात की वाचून दाखवाल. दुसरं असं, की मी तिकडे तुरुंगात होतो ही बातमी इथे आली आहे. चोरी केली असं लोक समजतात. घरीही तसंच वाटतं बहुधा, कोणी विचारत नाही. एक बाई माझ्या हातून गेली हे मुलींसमोर माझ्या तोंडून निघत नाही. तुम्ही एकदा घरच्यांना नीट सांगाल का? तुम्हांला वाचून सांगायची सवय आहे."

दरवर्षी आम्ही महिनाभर सुट्टीवर जात होतो. पुणे, नाशिक, एकदा केरळ, एकदा सईच्या हट्टापायी सिंगापूर. कोकणात जायचं राहिलं. लोकांना मी असंच सांगते, राहिलं. राहिलं नव्हतं. तुमच्या बायकोला आणि मुलींना सगळं सांगायचं तर गप्प बसा कोणी म्हटलं, हवल्लीला बरोबर यायला कोणी नाही म्हटलं, तेही सांगावं लागलं असतं. त्या घरात तुमच्या ओटीवर बसून, त्यांच्या हातचं पाणी पिऊन. मला ते नको होतं. म्हणून मी दर मे महिन्यात दुसरीकडची तिकिटं काढली, आणि तुम्ही वाट बघत राहिलात. मास्तरांचं पत्र तसंच न वाचता ठेवून. चार वर्षं.

तुमच्याशी भांडायचं अजून बाकी आहे. तुम्ही म्हणालात, मी ते मागितलं नव्हतं. मी अजूनही म्हणते की खरं सांगायलाच हवं होतं. पण कुठलं खरं कोणाला सांगावं आणि कोणाची वेळ आली की तोंड बंद ठेवावं, यात मी दोन्ही वेळा माझी सोय पाहिली. पुस्तकातलं खरं सांगताना माझं काही जात नव्हतं. तुमचं खरं सांगताना गेलं असतं.

काल सकाळी मी तुमच्या घरी फोन केला. नंबर त्या फिटरकडून मिळवला. तुमच्या मुलीने, सुषमाने घेतला. मी कोण ते सांगितलं तर ती म्हणाली, "हां, वाचून दाखवणाऱ्या काकू." मग तिने विचारलं, "काकू, बाबांनी तिकडे नेमकं काय केलं होतं? आता तरी सांगा."

मी सांगितलं. सगळं, जसं इथे लिहिलं आहे तसं. कापलेल्या गाड्या, मास्तरांची बायको, माझं गप्प बसा, सईची पहिलीची परीक्षा, हवल्ली, तुरुंग, तुमचं दुसरं पत्र. मध्ये तिने एकदाही तोडलं नाही. मी संपवलं तेव्हा पलीकडे कोणीतरी रडत होतं, पण ती सुषमा नव्हती. फोन स्पीकरवर होता. तुमच्या मंडळी शेजारीच बसल्या होत्या, त्यांनी पहिल्यापासून सगळं ऐकलं होतं.

"वहिनी," मी म्हणाले.

त्यांनी नाक ओढलं. आवाज शांत होता, रागही नव्हता त्यात.

"ह्या आधी सांगूक व्हया होता, बाये," त्या म्हणाल्या. "ते असताना."

मी हो म्हणाले.